आधी हीटर लावून पाहा

रेडिएटर गळत होता म्हणून बदलून घेतला, नवं कूलंट भरलं, बिल चुकतं केलं. आणि पुढच्याच रविवारी मोहटादेवीला निघालेली गाडी करंजी घाटात तापली. काटा लाल पट्ट्यावर, बॉनेटखालून वाफ, रस्त्याच्या कडेला उतरलेली माणसं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला ही तक्रार नवी नाही. गाडी परत त्याच्या दारात गेली की बोलणं लवकरच हेड गॅसकेटवर येतं. ‘हेड उचलावं लागेल’ हे ऐकून मालक घाबरतो, आणि घाबरलेला माणूस होकार लवकर देतो.

तो होकार देण्याआधी हीटर लावून पाहा. कूलंटचं काम झाल्याबरोबर सुरू झालेल्या तापण्यामागे पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर घ्यायचा असतो, आणि ती हवा ओळखण्याचं साधन तुमच्या डॅशबोर्डवर आधीच बसवलेलं आहे. आपल्याकडे हीटरचं बटण वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही. नगरची थंडी डिसेंबर-जानेवारीत बोचते, पण काचा लावल्या की भागतं. त्यामुळे हीटर बंद पडलेला असला तरी मालकाला त्याचा पत्ता नसतो, आणि इंजिन जी तक्रार हीटरमधून सांगत असतं ती ऐकूच येत नाही.

गाडीच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात समजून घेऊ. जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन कूलंटमध्ये उतरते. वॉटर पंप ते कूलंट सिलिंडरभोवती आणि हेडमधून फिरवतो. तिथून त्याला दोन वाटा फुटतात. मोठी वाट थर्मोस्टॅटमधून रेडिएटरकडे जाते. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो, तोवर ही वाट बंद असते. लहान वाट डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरकडे जाते. हीटर कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. या लहान वाटेवर सहसा थर्मोस्टॅटची आडकाठी नसते, त्यामुळे इंजिन तापू लागलं की गरम कूलंट तिथे लगेच पोचायला हवं. पोचलं नाही, तर एक तर कूलंट कमी आहे, किंवा ते फिरत नाही, किंवा वाटेत हवा बसली आहे.

काट्यावर मात्र फार विसंबू नका. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. भोवती नुसती हवा किंवा वाफ असेल तर काटा कधी एकदम उडी मारतो, कधी मध्यावरच स्वस्थ बसतो आणि आत इंजिन भाजत असतं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर दिसेल असा बसवलेला असतो. तो हलू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. म्हणून ओबीडीचा एक छोटा ब्लूटूथ रीडर घेऊन मोबाइलवर कूलंटचा आकडा पाहण्याची सवय मला मोलाची वाटते. चालत्या गाडीत आकडा ८५ ते १०० च्या दरम्यान खेळत असेल तर ठीक. ११० ओलांडून वर जात राहिला, तर गाडी थांबवायची वेळ आली.

चार जोड्या

इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, हीटर पूर्ण गरमवर करा, ब्लोअर मध्यम ठेवा आणि वारा व काटा दोन्ही एकत्र वाचा.

काटा वर आणि वारा गार: कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंप कूलंट ढकलत नाही. दुरुस्तीनंतर हीच जोडी सर्वांत जास्त दिसते. गाडी पुढे चालवू नका.

काटा वर आणि वाराही कढत: कूलंट आहे आणि फिरतंयही, पण त्याची उष्णता बाहेर पडत नाही. फॅन, रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण यांच्याकडे वळा.

काटा वर चढतच नाही, निळा दिवा लवकर विझत नाही आणि वारा कोमट: थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे, किंवा कुणीतरी काढून टाकलेला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातली ती मोठी खोड आहे.

काटा जागेवर आणि वारा गार: काटा फसवू शकतो, म्हणून आधी कूलंटची पातळी आणि अडकलेली हवा तपासा; ते ठीक असेल तर बिघाड फक्त हीटरचा. कोअर चोक झाला असेल, हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नसेल, किंवा डॅशबोर्डच्या आतली गरम-गार वारा मिसळणारी झडप अडकली असेल.

एक खूण कानालाही कळते. गाडी सुरू करताना किंवा ॲक्सिलरेटर दाबताना डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला, तर हीटर कोअरमध्ये हवा आहे.

हवा कशी काढायची

कूलंट काढलं की त्याची जागा हवा घेते. नवं कूलंट वरून ओतलं तरी ती हवा आपोआप निघून जात नाही. ती यंत्रणेतल्या सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते: हीटर कोअरमध्ये, थर्मोस्टॅटच्या घरात, हेडच्या कोपऱ्यात. थर्मोस्टॅटमधलं मेण भोवतालच्या कूलंटच्या उष्णतेने फुगतं आणि झडप उघडतं. तिथे हवेचा बुडबुडा बसला तर मेणाला उष्णता नीट लागत नाही, झडप बंद राहते, आणि कोरा करकरीत रेडिएटर गार पडलेला असताना इंजिन मात्र तापतं. हे चित्र पाहून ‘नवा रेडिएटरच खराब निघाला’ असं म्हणणारे बरेच भेटतील.

पहिली गोष्ट मापाची. काम चालू असताना जुनं कूलंट बादलीत धरायला सांगा आणि किती निघालं ते मोजा. पाच लिटर निघालं आणि साडेतीनच आत गेलं, तर उरलेल्या दीड लिटरच्या जागी हवा आहे. एवढा साधा हिशेब गॅरेजात क्वचितच होतो. गाडी आधीच गळत असेल तर निघालेलं कूलंट कमी भरेल. अशा वेळी गाडीच्या पुस्तकात दिलेली एकूण क्षमता पाहा. लहान गाड्यांत ती साधारण चार-पाच लिटर असते, मोठ्या एसयूव्हीत सात-आठ लिटर किंवा त्याहून जास्त. नुसता रेडिएटरचा नळ उघडून मात्र सगळं कूलंट येत नाही, बरंचसं ब्लॉकमध्ये राहतं, हेही या हिशेबात धरा.

आता हवा काढण्याचं काम. इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. तोंड चढाकडे येईल अशी गाडी थोड्या चढावर उभी करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यांत उंच येईल आणि हवेला तिकडे जायची वाट मिळेल. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. ऑटोमॅटिक एसी असेल तर तापमान शेवटच्या टोकाला न्या. झाकण उघडं ठेवून कूलंट हळूहळू, पातळ धारेने ओता. घाईने ओतलं की बुडबुडे वाढतात. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर हवा काढायचा स्क्रू असेल, तर तो सैल करा आणि तिथून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की आवळा. रेडिएटरचा वरचा होज हाताने दाबून सोडा, पुन्हा दाबा. दर दाबाला आतून बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली जाईल. परत भरा.

मग गाडी सुरू करा, झाकण अजून उघडंच. रेस देऊ नका. पातळी हळूहळू चढेल, बुडबुडे येतील, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसेल आणि वरचा होज गरम लागेल. ही पातळी बसणं फार महत्त्वाचं. बरेच जण त्याआधीच झाकण लावून गाडी देऊन टाकतात. भरत राहा, झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्यानेच चालू द्या. या सगळ्या वेळात हीटरचा वारा कढत झाला पाहिजे आणि तसाच राहिला पाहिजे. मध्येच गार झाला तर हवा अजून आत आहे. नंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पाहा. थोडी उतरलेली असेल, तेवढी भरा. लगातार दोन-तीन सकाळी पातळी उतरत राहिली, तर मात्र कुठेतरी गळती आहे.

ही सर्वसाधारण पद्धत आहे. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही आणि दाब धरणारा प्लास्टिकचा डबाच सगळं काम करतो, तिथे त्या डब्यातून भरायचं. विजेवर चालणारा पंप असलेल्या नव्या गाड्यांत हवा काढायला स्कॅनरमधून पंप चालवावा लागतो. अशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्या आणि व्हॅक्यूमने कूलंट भरायचं यंत्र आहे का, हे आधी विचारा. ते यंत्र आधी आतली हवा ओढून घेतं आणि मग कूलंट आत सोडतं. हवा राहण्याची शक्यता फार कमी होते.

सीएनजी गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. टाकीतला गॅस दाब उतरताना अतिशय थंड होतो, म्हणून सीएनजीच्या रिड्यूसरला इंजिनातल्या कूलंटने ऊब दिलेली असते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे पाइप बहुधा हीटरच्या होजमधूनच काढलेले असतात. कूलंटच्या कामानंतर गाडी सीएनजीवर झटके देऊ लागली, आपोआप पेट्रोलवर जाऊ लागली, किंवा रिड्यूसरवर बर्फासारखा थर दिसला, तर गॅस किट उघडायच्या आधी त्या दोन पाइपांना हात लावून पाहा. गार लागले तर हवा तिथे अडकली आहे. किटवाल्याकडे जाण्याची गरजच नाही.

व्हॉल्व्ह काढून टाकण्याची खोड

आपल्या भागात गाडी तापली की अजूनही एक इलाज हमखास होतो. थर्मोस्टॅट बाहेर काढायचा, कोपऱ्यात फेकायचा आणि मालकाला सांगायचं, ‘शेठ, व्हॉल्व्ह काढून टाकलाय, आता गाडी कधीच गरम होणार नाही.’ त्यामागचा युक्तिवाद असा, की आपला मुलूख उष्ण, इथे इंजिन गरम करणाऱ्या भागाची गरजच काय?

हा युक्तिवाद मला घातक वाटतो. थर्मोस्टॅट इंजिनला एका ठरावीक तापमानावर धरून ठेवतो. तो नसेल तर इंजिन तापायला फार वेळ लागतो, गाडी जास्त इंधन पिते, ऑइलमध्ये ओल आणि गाळ साठतो, हीटर कोमटच राहतो. याहून वाईट म्हणजे अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो: रेडिएटरची वाट उघडताना तो बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि कूलंटचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो. सपाट रस्त्यावर त्रास जाणवत नाही. पण पाच माणसं आणि सामान घेऊन माळशेज चढायला लागलात की ज्या कारणासाठी व्हॉल्व्ह काढला, तेच पुन्हा समोर उभं राहतं.

कल्याणहून नगरकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वरचा माळशेज, पुणे-नाशिक रस्त्यावरचा चंदनापुरी, पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी, संभाजीनगरच्या वाटेवरचा इमामपूर: आपल्याला घाट चुकत नाहीत. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात सोडा, सोबत तापमापी ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांजवळ तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पुन्हा पूर्ण मिटला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवा. हेड उचलण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे असते आणि हवा जाण्यासाठी असलेली बारीक पिन बहुधा वरच्या बाजूला ठेवायची असते. ती खाली गेली तर हवा त्याच्या मागे अडकते. आधी ठीक असलेली गाडी थर्मोस्टॅट बदलल्यावर तापायला लागण्याचं हे एक साधं कारण आहे.

बोअरचं पाणी आणि हळद

आपली जमीन बेसाल्टची, बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड. गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमध्ये बसतो. त्या थरातून उष्णता नीट पलीकडे जात नाही. नुसत्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत नवं कूलंट भरलं की सुटलेले पापुद्रे वाहत जाऊन सगळ्यांत अरुंद जागी अडकतात. ती जागा बहुधा हीटर कोअर असते. कूलंट भरल्यानंतर हीटर गार झाला, असं लोक सांगतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

कूलंटचा कॅन घेताना त्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही कॅन थेट ओतायचे असतात, काहींत पाणी मिसळायचं असतं. मिसळायला बोअरचं पाणी घेऊ नका. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, तेही नसेल तर आरओचं. रंगावर जाऊ नका. हिरवं आणि लाल ही रसायनाची हमी नाही. एकाच रंगाची दोन कूलंटं आतून वेगळी असू शकतात आणि न जुळणारी मिसळली तर घट्ट गाळ होतो. पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच भरा, आणि आधी काय होतं ते माहीत नसेल तर पूर्ण धुऊन भरा.

नुसतं पाणी चालत नाही याचं गणित आपल्या उंचीशीही जोडलेलं आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांजवळच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि अर्धं ग्लायकॉल असेल तर आणखी वर. याचा अर्थ असा, की झाकणाचं रबर चिरलं असेल किंवा दुरुस्तीच्या वेळी चुकीच्या दाबाचं झाकण लावलं असेल, तर बाकी सगळं नवं असूनही कूलंट घाटात उकळून बाहेर पडेल. रेडिएटर बदलताना झाकणही बदला. त्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो. तो जुन्याशी जुळला पाहिजे.

आता हळद. रेडिएटर वाटेत गळायला लागला की मूठभर हळद टाकायची, ही युक्ती आपल्याकडे अनेक ड्रायव्हर सांगतात. बाजारात मिळणारी गळती थांबवायची पावडर त्याच जातीची. बारीक छिद्र तात्पुरतं बुजतंही. पण हळदीला छिद्र आणि हीटर कोअरची नळी यातला फरक कळत नाही. आणीबाणीत गाव गाठायला ती वापरली असेल तर गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगा, लपवू नका. नवा रेडिएटर बसवण्याआधी पूर्ण यंत्रणा, हीटर कोअरसकट, धुऊन घ्यायला हवी, नाहीतर जुना गाळ नव्या रेडिएटरमध्ये जाईल.

हीटर कोअर चोक आहे का, हे पाहायला इंजिन गरम असताना आतल्या दोन हीटर होजना जपून हात लावा. फॅन आणि बेल्टपासून बाही लांब ठेवा. दोन्ही कढत असतील तर कूलंट वाहतंय. बिघाड डॅशबोर्डमधल्या झडपेत शोधा. एक कढत, एक गार: कोअर चोक आहे किंवा त्यात हवा आहे. दोन्ही गार: तिथवर कूलंट पोचतच नाही. चोक कोअर धुताना दोन्ही होज काढून नेहमीच्या उलट दिशेने साध्या नळाच्या धारेने पाणी सोडतात. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तिथे अजिबात लावू देऊ नका. जुन्या कोअरचा सांधा फुटला तर सगळं कूलंट पायाखालच्या कार्पेटवर येईल, आणि नवा कोअर बसवायला अनेक गाड्यांत आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

गळणारा हीटर कोअर दिसला की काही ठिकाणी दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकतात आणि म्हणतात, आपल्याला हीटर कशाला लागतो? पाऊसकाळात भंडारदरा, रतनवाडी, घाटघरला जाणाऱ्यांनी याला होकार देऊ नये. तिथल्या धुक्यात समोरची काच आतून धूसर होते, आणि एसीबरोबर गरम वारा मिसळला तर ती सगळ्यांत लवकर स्वच्छ होते. शिवाय होज जोडण्याऐवजी कुणी दोन्ही टोकं बुच मारून बंद केली, तर काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असतानाचा कूलंटचा मार्गच तुटतो. हीटर असा बायपास केलेला आहे का, हे जुनी गाडी विकत घेताना जरूर पाहा.

कुठे तापते, तेही सांगा

गॅरेजवाल्याला ‘गाडी तापते’ एवढंच सांगू नका. दिल्लीगेट-चितळे रोडच्या गर्दीत किंवा काजवा महोत्सवाच्या रात्री भंडारदऱ्याच्या रांगेत तापते आणि सुप्याच्या सपाट रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो, तर फॅन पाहा. रेडिएटर बदलताना फॅनचा कनेक्टर, रिले किंवा फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच परत नीट बसलेलं नसतं. तपासणी सोपी: गाडी उभी ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. एसी बंद करून इंजिन तापू दिलं तर ९५-१०० अंशांच्या आसपास तो स्वतःहून लागला पाहिजे.

उलट गावात ठीक आणि घाटात किंवा ताशी ८०-९० च्या वेगात तापते, तर कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची ताकद कमी पडते आहे. रेडिएटर आतून चोक, पंपाचं पातं झिजलेलं किंवा दांड्यावर फिरणारं, खालचा होज ओढीने आत दबणारा, किंवा स्वस्तात बसवलेला पातळ रेडिएटर. गळिताच्या हंगामात प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, राहुरीकडच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत आणखी एक कारण असतं: उसाचं पाचट आणि धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. मधली फट टॉर्चने पाहा आणि इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पंख वाकतात.

गॅसकेटचा प्रश्न एवढं सगळं झाल्यावर येतो, आणि त्याच्याही चाचण्या आहेत. हवा नीट काढूनही बुडबुडे थांबत नाहीत. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो. गळती कुठेच दिसत नाही तरी कूलंट कमी होत राहतं. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. ऑइलच्या काडीवर दुधट चहासारखा रंग दिसतो. यातलं काही दिसलं तर कूलंटमध्ये जळलेला वायू येतोय का, हे पाहणारी रसायनाची चाचणी करून घ्या. तिच्यातलं निळं द्रव पिवळं झालं तर हेड उचलायला होकार द्या, आणि उचलल्यावर हेडचं फेसिंग तपासूनच नवं गॅसकेट बसवा. ही चाचणी न करता हेड उचलू देऊ नका. आणि हवेमुळे तापलेली गाडी तशीच दामटली, तर ठीक असलेलं गॅसकेटही त्यात जातं, हे लक्षात ठेवा.

रस्त्यात तापली तर

काटा वर सरकताना दिसला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात. उन्हाळ्यात अंगाला चटका बसेल, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रखडत नेऊ नका. खालचा गिअर टाका, पंप जास्त फिरेल. हीटरचा वारा गार आला, वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यावर पोचला, तर पुढच्या ढाब्यापर्यंतही जाऊ नका. सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा.

झाकणाला तासभर हात लावू नका. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं, आणि त्या भाजण्याने डोळे जाऊ शकतात. वरचा होज मऊ आणि हाताला सोसवेल इतका गार झाला की झाकणावर जाड फडकं टाकून ते थोडंसं फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग उघडा. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर मात्र जवळ असेल ते पाणी, अगदी बोअरचंही, चालेल. गावात पोचलात की ते काढून यंत्रणा धुवा.

दुरुस्तीनंतरची पहिली लांब फेरी थेट घाटाची ठेवू नका. शहरातून निघून पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महालाच्या पायथ्यापर्यंत जा, हीटर लावून वारा पाहा, थांबून गाडीखाली ओल आहे का बघा, परत या. दुसऱ्या सकाळी गार इंजिनची पातळी पाहा. पातळी जागेवर आणि वारा कढत असेल तर घाटाला निघा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात, शेतात किंवा गोठ्याजवळ ओतू देऊ नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे; कुत्री-मांजरं ते चाटतात, जनावरं पिऊ शकतात, आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं एखादं मूलही पिऊ शकतं. त्याचा परिणाम मूत्रपिंडांवर होतो आणि उपचाराला उशीर झाला तर जीव जातो. कूलंट त्याच्या मूळ कॅनमध्येच घट्ट झाकण लावून, नाव लिहून, उंचावर ठेवा, आणि जुनं कूलंट वापरलेल्या ऑइलबरोबर गोळा करणाऱ्या वर्कशॉपकडे द्या. कुणी चुकून प्यायलं तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा आणि कूलंटचा कॅन सोबत न्या.